नॉर्मन पिकल्सची निळी वही

आधीच सांगून ठेवतो, यातलं एक अक्षरही मी पदरचं घातलेलं नाही. ज्यांना पटणार नाही त्यांनी इथेच सोडून द्या, माझी काही तक्रार नाही. पण क्लिफ तेव्हा माझ्या शेजारी बसला होता. त्यानेही ऐकलंय. त्या दिवसापासून तो माझ्या शेडमध्ये पाऊल टाकत नाही.

आणि अमावस्येची रात्र, कुत्र्यांचं रडणं वगैरे काही नाही हं यात.

सकाळचे दहा वाजले होते. रविवार, २ सप्टेंबर २०१८. बाहेर लख्ख ऊन. जागा म्हणजे माझ्या घरामागची लाकडी शेड, गाव बेकप, इंग्लंडमधलं लँकेशायर.

त्या सकाळी आयरीनकाकू गेल्या.

मला त्यांना वाचवता आलं असतं. सप्टेंबरात नाही, एप्रिलमध्येच. तेव्हा मी त्यांच्या स्वयंपाकघरात उभा होतो, टेस्टर हातात होता, आणि ते सॉकेट माझ्यापासून हातभर लांब होतं.

मी ते तपासलं नाही.

का? तर त्यात चहाची किटली लावलेली होती म्हणून!

आता नीट सुरुवातीपासून सांगतो.

मी हेरंब. मूळचा सांगलीजवळच्या माधवनगरचा. आयटीआयला वायरमन झालो, फिरत फिरत इकडे आलो, इथलीच बायको केली. एकोणीस वर्षं झाली. क्लिफ अ‍ॅशवर्थ माझा भागीदार. वय एकसष्ट, तोंड फाटकं, हात सोन्याचे. इथल्या कामाचं जे काही येतं ते त्यानेच शिकवलं, शिव्या देऊन देऊन.

आपल्याकडे टेस्टर म्हटलं की खिशातला दिव्याचा स्क्रूड्रायव्हर डोळ्यासमोर येतो. मी म्हणतोय तो टेस्टर वेगळा. डब्याएवढं यंत्र असतं, पट्ट्याने गळ्यात अडकवायचं. अर्थिंग, वायरचं इन्सुलेशन, स्विच किती चटकन पडतो, सगळं तो एकटा मोजतो. मोजून झालं की तीनदा वाजतो. टिप टिप टिप. इकडे कुठल्याही घरात काम केलं की प्रत्येक सर्किटचे आकडे लिहून खाली सही करून द्यावी लागते. टेस्टर नाही तर काम नाही.

त्या मार्चमध्ये माझा टेस्टर एका गिऱ्हाइकाच्या भरलेल्या बाथटबमध्ये पडला.

नवा घ्यायचा म्हणजे खिशाला भोकच. म्हणून जुना शोधायला लागलो.

"जुना घेताना आधी मालक तपासायचा, मग मशीन," क्लिफ म्हणाला. "आणि तू तोंड उघडू नकोस. तुझ्या चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं की मला गंडवा."

पहिला टेस्टर बर्नलीच्या एका पार्किंगमध्ये बघितला. विकणारा पोरगा गाडीतून उतरलाच नाही. टेस्टरच्या पाठीवरचा नंबर घासून काढलेला.

"चोरीचा आहे. चल," क्लिफ म्हणाला.

दुसरा एका कंपनीतून निघालेला. स्क्रीन झकास, पण वायरी काठीसारख्या कडक झालेल्या. बॅटरीचं झाकण उघडलं तर आत हिरवा गंज.

तिसरा आयरीनकाकूंचा.

अर्ध्या तासावरच्या कोल्न गावात, इलेक्ट्रिक सामानाच्या दुकानात काउंटरवर एक कार्ड चिकटवलेलं होतं. वळणदार, जुन्या पद्धतीचं अक्षर. "नवऱ्याचा टेस्टर विकणे आहे. नीट वापरलेला. वहीसकट."

"वहीसकट!" क्लिफची भुवईच वर गेली. "हा घे."

वहीचं असं आहे. जुन्या वळणाचे इलेक्ट्रिशियन दर महिन्याला आपल्या घरातल्या एकाच ठरलेल्या सॉकेटचं अर्थिंग टेस्टरने मोजतात आणि आकडा तारखेसकट लिहून ठेवतात. आकडा जितका लहान, तितकं अर्थिंग चांगलं. सॉकेट तेच असतं. आकडा बदलायला लागला तर समजायचं, टेस्टर बिघडतोय. ज्याची वही नेटकी, त्याचा टेस्टर भरवशाचा.

१४ एप्रिल, शनिवार. मी एकटाच कोल्नला गेलो, क्लिफचा गुडघा धरला होता.

चढावरच्या दगडी घरांच्या रांगेतलं शेवटचं घर. दार उघडलं आयरीनकाकूंनी. मराठीत सांगताना तोंडात काकूच येतं, काय करू. आडनाव पिकल्स, म्हणजे लोणचं. हसू नका, इकडे असतात अशी आडनावं. वय शहात्तर, अंगावर फुलाफुलांचा एप्रन, आणि पायात नायलॉनच्या सपाता. चालताना पाय उचलायच्याच नाहीत. सर्र... सर्र... सर्र...

तो आवाज लक्षात ठेवा.

"ये रे बाळा, आत ये. पाय पुसू नकोस, फरशी कुठे पळून जातेय! चहा घेणार ना?"

"नको, उगाच त्रास..."

"त्रास कसला? नॉर्मन गेल्यापासून एका कपाचा चहा करून करून कंटाळलेय मी. बैस."

नॉर्मन, त्यांचा नवरा. चाळीस वर्षं इलेक्ट्रिशियन. जानेवारीच्या शेवटी खुर्चीत बसल्या बसल्या हार्ट अटॅकने गेला.

टेस्टर टेबलावर मांडूनच ठेवला होता. वायरी मऊ, बॅटरीचा कप्पा चकचकीत, पिशवीची चेन सुद्धा धड. शेजारी निळ्या पुठ्ठ्याची वही.

मी वही उघडली.

फेब्रुवारी २००७. किचन सॉकेट, ०.३१.

मार्च, ०.३१. एप्रिल, ०.३१.

पानं उलटत गेलो. अकरा वर्षं. दर महिन्याचा पहिला रविवार, सकाळी दहा. प्रत्येक ओळीत ०.३१.

मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या! याला म्हणतात यंत्र. अकरा वर्षांत केसभर हललं नाही.

देवाशप्पथ सांगतो, मी हेच म्हणालो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

माझ्याकडे क्लिफची तपासणीची पेटी होती. तिच्यात ठरावीक आकडे बसवलेले असतात, टेस्टरने ते बरोबर दाखवले म्हणजे झालं. सगळे बरोबर आले.

"ते तिथलं सॉकेट," काकूंनी ओट्याकडे बोट केलं. "नॉर्मन त्यातच मोजायचा. बघायचंय का लावून? किटली काढते."

किटली उकळत आली होती. दोन कप मांडलेले. बशीत आल्याची बिस्किटं.

"राहू द्या हो," मी म्हणालो. "वही आहे की."

एवढंच बोललो मी. वही आहे की.

चहा प्यालो, पैसे दिले, टेस्टर घेऊन आलो. दारातून काकू म्हणाल्या, "चांगला सांभाळ त्याला." टेस्टरला म्हणाल्या की नवऱ्याला, तेव्हाही नीट कळलं नव्हतं.

टेस्टर काम करायला एक नंबर होता. तीन आठवडे काही म्हणजे काही नाही.

६ मे. रविवार.

मी शेडमध्ये ड्रिलचे बिट लावत होतो. टेस्टर पिशवीत, चेन बंद, फळीवर. आणि एकदम...

टिप टिप टिप.

मी वळून बघितलं. पिशवी तशीच. चेन उघडली. स्क्रीन पेटलेली होती.

किचन सॉकेट. ०.३१. वेळ १०.००.

म्हटलं जुनं काहीतरी साठवलेलं असेल, बटण दाबलं गेलं असेल. पण तारीख त्या दिवसाची होती. बायको म्हणाली, "घड्याळ बिघडलं असेल, ये जेवायला." मीही सोडून दिलं.

३ जून. पुन्हा रविवार, पुन्हा दहा.

या वेळी मी शेडच्या दारात होतो. आधी वेगळाच आवाज आला. हलका, घरघरता, हळूहळू चढत जाणारा...

किटली उकळल्याचा आवाज.

माझ्या शेडमध्ये किटली नाही. पाण्याचा नळ सुद्धा नाही.

आवाज चढत चढत गेला, खटकन बंद पडला. आणि मग...

टिप टिप टिप.

०.३१.

ऊन पाठीवर पडलेलं, तरी पाठ गार पडली. दार लावून घरात आलो. कोणाला काही बोललो नाही. बोलणार काय? टेस्टर चहा करतोय?

१ जुलैला मी ठरवून घरीच थांबलो. शेडकडे फिरकलोच नाही. दहा वाजले, आणि बंद खिडकीतून, अंगण ओलांडून, स्पष्ट...

टिप टिप टिप.

दुपारी मी काकूंना फोन केला. आडून आडून विचारलं, टेस्टरमध्ये काही गजर बिजर लावलेला होता का म्हणून.



मग काकू म्हणाल्या, "तुझ्याकडेही वाजतो का रे?"

"म्हणजे तुमच्याकडेही?" मी म्हणालो.

"तो गेल्यावर फेब्रुवारीत वाजला," त्या सांगायला लागल्या. "कपाटात होता, माझ्या कोटांच्या मागे. पहिला रविवार, दहा वाजता. मार्चमध्ये परत. मी आधी खूप घाबरले. मग वाटलं, येडा म्हातारा, चहा मागतोय. दहाला तो मोजायचा आणि मी किटली लावायची, असंच चालायचं आमचं. म्हणून वाजला की मी किटली लावायची. पण एप्रिलमध्येही वाजला तेव्हा म्हटलं, बाई गं, असं किती दिवस? म्हणून विकला. तुला सांगितलं असतं तर तू घेतला असतास का?"

"नसता घेतला."

"मग!" त्या हसल्या. "आता घर शांत असतं. पण खरं सांगू? करमत नाही."

फोन ठेवायला निघालो तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "बरं, तू यातला आहेस म्हणून विचारते. माझं वॉशिंग मशीन हल्ली चावतं रे. कपडे काढताना सिंकला हात लागला की झिणझिण होतं."

यावर कुठलाही इलेक्ट्रिशियन ताडकन उठायला पाहिजे. मी उठलोही.

"वापरू नका. गुरुवारी येऊन बघतो."

"एवढ्यासाठी कशाला घाट चढून येतोस? नॉर्मन तपासायचा की दर महिन्याला! वहीत आहे सगळं. बघ, वही तुझ्याकडेच आहे ना?"

वही समोरच होती. उघडली. शेवटची ओळ, जानेवारी २०१८. ०.३१. म्हणजे अर्थिंग ठणठणीत. सहा महिन्यांपूर्वी एका चाळीस वर्षांच्या अनुभवी माणसाने मोजलेलं.

"सपाता बदला काकू," मी म्हणालो. "नायलॉनमुळे होतं असं कधीकधी."

"या सपाता? याच घालून मरणार मी," त्या म्हणाल्या आणि खळखळून हसल्या.

मी पण हसलो.

गुरुवारी मी गेलो नाही. पुढच्या आठवड्यात ब्लॅकपूलचं हॉटेलचं काम लागलं. कोल्नला जायचं राहून गेलं. राहूनच गेलं.

५ ऑगस्ट. आदल्या रात्री मी टेस्टरच्या सगळ्या बॅटऱ्या काढून टेबलावर ओळीने ठेवल्या होत्या. मोजल्या. आठ. टेस्टरचं पोट रिकामं. समोर खुर्ची टाकून बसलो.

दहा वाजले.

स्क्रीन हळूहळू उजळली.

या वेळी लगेच वाजला नाही. स्क्रीनवर मोजणीची रेघ सरकायला लागली... मध्येच थांबली... परत पहिल्यापासून. पुन्हा थांबली. कोणीतरी पुन्हा पुन्हा बटण दाबत असावं, आणि हवं ते उत्तर मिळत नसावं. तीनदा झालं असं.

मग एकदम टिप टिप टिप.

०.३१.

मी बॅटऱ्या मोजल्या. आठच्या आठ टेबलावर.

आता मात्र माझी हबेलंडी उडाली. टेस्टर विकून टाकावा, तर दुसऱ्याच्या गळ्यात ही पीडा कशी बांधू? फेकून द्यावा, तर काकूंचा चेहरा समोर यायचा. शेवटी क्लिफला सगळं सांगितलं.

तो पाच मिनिटं हसला. मग माझ्या तोंडाकडे बघून गप्प झाला.

"पहिल्या रविवारी येतो," म्हणाला. "आणि नाही वाजला तर वर्षभर चहा तू करायचास."

२ सप्टेंबर. पावणेदहाला क्लिफ आला, हातात बेकन घातलेला पाव. मी बॅटऱ्या काढलेल्या होत्याच. टेस्टर मध्ये ठेवून आम्ही दोघं बसलो.

"ही काय, ती वही?" खाता खाता त्याने निळी वही ओढली. एक पान उलटलं. दुसरं. तिसऱ्या पानाला त्याचं चावणं थांबलं.

"तू ही बघितली होतीस?"

"हो."

"सगळी?"

"हो रे. अकरा वर्षं एकच आकडा. म्हणून तर घेतला."

क्लिफने पाव खाली ठेवला. बोटं पँटला पुसली.

"गाढवा," तो म्हणाला, पण नेहमीसारखा ओरडून नाही, अगदी हळू. "कुठलं सॉकेट अकरा वर्षं एकच आकडा देतं? थंडीत जरा कमी, उन्हाळ्यात जरा जास्त. कधी तीस, कधी तेहतीस. हलायलाच पाहिजे. आणि हे बघ. सबंध २०१४ एकाच पेनाने, एका दमात. बारा महिने एका बैठकीत लिहिलेत. तो मोजत नव्हता रे! नुसता टेबलाशी बसून लिहीत होता. फार तर बटण दाबून टिप टिप वाजवत असेल, बायकोला चहाची वेळ कळावी म्हणून."

मला हे माहीत नव्हतं का? माहीत होतं. पहिल्या वर्षी क्लिफनेच शिकवलं होतं. पण नेटकी वही बघून मला भुरळ पडली.

"म्हणजे ते सॉकेट..." मी म्हणालो.

"कोणीच बघितलेलं नाही. कितीतरी वर्षं."

वॉशिंग मशीन चावतं. सिंकला हात लागला की झिणझिण होतं.

मी फोनकडे हात नेला, आणि त्याच क्षणी...

स्क्रीन पेटली.

क्लिफ खुर्चीसकट मागे सरकला. "आईशप्पथ," एवढंच म्हणाला.

मोजणीची रेघ सरकली. थांबली नाही. शेवटपर्यंत गेली.

या वेळी टेस्टर वाजला नाही.

किचन सॉकेट. ०.३१ नव्हतं. दोन हजारच्या वर, असा बाण दाखवत होता. आमच्या भाषेत त्याचा अर्थ एकच. अर्थिंग नाही. अजिबात नाही.

मी फोन लावला. एक घंटा. दोन. तीन. उचला हो काकू, उचला...

"हॅलो?"

हुश्श झालं मला!

"काकू, मी हेरंब. ऐका, कशालाही हात लावू नका. आहात तशा बागेत जा. मी निघतोय, अर्ध्या तासात पोचतो."

"बागेत? अरे पण काय झालं? तो वाजला का परत?"

"सगळं सांगतो, आधी बाहेर जा. मशीनला हात लावू नका."

मागे मशीनची घरघर ऐकू येत होती. ते चालू होतं.

"जाते रे बाबा, जाते. पण पाणी गळतंय बघ हे, सगळ्या फरशीभर झालंय. एवढं बंद करते आणि जाते."

"नको! काकू, नको! तसंच राहू दे!"

खट्. फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज.

मी ओरडलो. शेडच्या बाहेर शेजारी गोळा झाले एवढ्या जोरात ओरडलो. क्लिफही ओरडला. पण ओट्यावर ठेवलेल्या फोनमधून, मशीनच्या घरघरीत, काकूंना काय ऐकू जाणार?

फोनमधून फक्त...

सर्र... सर्र... सर्र...

सपाता. ओल्या फरशीवरून. मशीनकडे.

आणि मग फोनच्या आतून, त्या स्वयंपाकघरातून...

टिप टिप टिप.

टेस्टर माझ्या समोर होता. मुका. आवाज फोनमधून आला. क्लिफने माझ्या दंडाला धरलं, त्याची नखं रुतली. म्हणजे त्यानेही ऐकलं.

सपातांचा आवाज थांबला.

त्यानंतर काही नाही. ना किंकाळी, ना पडल्याचा आवाज. नुसतं मशीन फिरत राहिलं.

क्लिफने त्याच्या फोनवरून अँब्युलन्स बोलावली. मी माझा फोन कानाला लावून बसून राहिलो. ठेववेना. "काकू... काकू..." म्हणत होतो. मशीन फिरलं, पाणी टाकलं, पुन्हा फिरलं. अकरा मिनिटांनी दारावर थापा ऐकू आल्या. मग दार फोडल्याचा आवाज. मग एक माणूस म्हणाला, "आधी मेन बंद कर." आणि मशीन थांबलं.

पुढचं थोडक्यात सांगतो. मला ते फार सांगवत नाही.

चौकशी झाली. अपघात म्हणून नोंद झाली. मी सगळं सांगितलं, चावणारं मशीन, न गेलेला गुरुवार, सगळं. टेस्टरचं तेवढं सांगितलं नाही.

काकूंच्या भाच्याला घर विकायचं होतं. चौकशी संपल्यावर त्याने क्लिफलाच दुरुस्तीला बोलावलं. मीही गेलो. जावंच लागलं. मीटरच्या कपाटात रंगाचे डबे ठेचून भरले होते. त्यांच्या मागे अर्थिंगची तार क्लिपमधून निसटून लोंबत होती. डबे आत ढकलताना कधीतरी निसटली असणार. सगळ्यात मागच्या डब्यावर नॉर्मनच्या अक्षरात लिहिलेलं होतं, "किचन, २००९."

म्हणजे तार नऊ वर्षं तशीच लोंबत होती.

क्लिफने तार परत बसवली. दोन मिनिटांचं काम. मग त्याचा टेस्टर ओट्याजवळच्या सॉकेटला लावला. किटली अजून तिथेच होती, त्याने ती काढून बाजूला ठेवली.

आकडा बघून त्याने टेस्टर माझ्याकडे वळवला.

०.३१.

म्हणजे नॉर्मनने पहिल्यांदा खरंच मोजलं होतं. २००७ साली तो आकडा खरा होता. नंतर त्याने परत विचारलंच नाही.

मला वाटलं, आता संपलं. जे सांगायचं होतं ते त्याने सांगितलं, आता शांत होईल.

७ ऑक्टोबर. पहिला रविवार. मी शेडमध्ये जाणार नव्हतो. पण गेलो.

दहा वाजले. किटली उकळल्याचा आवाज आला, खटकन बंद झाला.

टिप टिप टिप.

किचन सॉकेट, ०.३१.

मी सुटकेचा श्वास टाकणार, तोच टेस्टरच्या आतून, अगदी बारीक...

सर्र... सर्र... सर्र...

तेव्हापासून दर महिन्याला असंच आहे. टेस्टर विकता येत नाही, फोडायला हात उचलत नाही. वही तिथेच शेजारी ठेवलीय. पहिल्या रविवारी दहाच्या आधी मी शेडमध्ये जाऊन बसतो. बायको विचारते, कशाला जातोस? तिला काय सांगू?

आकडा येतो. सपाता निघतात. आणि मी त्या डब्याला तोंड लावून जिवाच्या आकांताने ओरडतो, "काकू, थांबा!"

अजून एकदाही त्या थांबल्या नाहीत.